मोजून घेतलेली कुरणे : फॅरो बेटांवरील पायवाटा

स्कॉटलंड, नॉर्वे आणि आइसलँड या तिन्हींच्या मधल्या उत्तर अटलांटिक महासागरात अठरा बेटांचा एक पुंजका आहे. त्याचे नाव फॅरो बेटे, म्हणजे मेंढ्यांची बेटे. क्षेत्रफळ सुमारे 1,400 चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या पंचावन्न हजारांच्या आसपास. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावी असतील एवढी माणसे. मेंढ्यांची संख्या मात्र माणसांहून अधिक. डेन्मार्कच्या राजसत्तेखाली असूनही 1948 पासून या बेटांना स्वराज्य आहे; त्यांची स्वतंत्र भाषा आहे, स्वतंत्र संसद आहे. अठरांपैकी सतरा बेटांवर वस्ती आहे आणि कोठेही उभे राहिले तरी समुद्र पाच किलोमीटरपेक्षा दूर नसतो.

मुलगा नोकरीनिमित्त कोपनहेगनला राहतो. तेथून विमानाने दोन-सव्वादोन तासांचे अंतर. गेल्या जून महिन्यात आम्ही उभयतांनी त्याच्यासह तेथे नऊ दिवस घालवले आणि त्यांपैकी सात दिवस चाललो. चातुर्मासापूर्वी परत यायचे हे आधीच ठरले होते. श्रावकाच्या बारा व्रतांत दिग्व्रत आहे, दिशांची मर्यादा आहे. म्हणून एवढ्या दूरच्या प्रवासाला निघताना 'हे कशासाठी?' असा प्रश्न घरातून येणे स्वाभाविक होते. शिवाय ज्या भूमीत मासळी आणि मेंढी यांवाचून जगणे अशक्य मानले जाते, तेथे आपले काय काम, असेही काही आप्तांनी विचारले. या दोन्ही प्रश्नांना मला जे उत्तर सापडले, ते येथे मांडत आहे.

बेटांचे पहिले दर्शन अनोळखी वाटत नाही. सह्याद्रीचे कडे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे डोंगर ओळखीचे वाटतील, आणि त्याला शास्त्रीय कारण आहे. दख्खनचे पठार जसे लाव्हारसाच्या थरांवर थर बसून तयार झाले, तशीच ही बेटेही. दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, फॅरोचा त्यानंतरच्या काही दशलक्ष वर्षांतला. 'दख्खन ट्रॅप' या नावातील 'ट्रॅप' हा शब्द मूळचा उत्तर युरोपातील भाषांमधला. त्याचा अर्थ पायरी. पायऱ्यापायऱ्यांचे ते काळे डोंगर तेथे थेट समुद्रात उतरतात. फरक एवढाच की त्यांवर झाड नाही. कुंपण घालून, मेंढ्यांपासून राखून लावलेली काही वनराई सोडली, तर सर्वत्र केवळ गवत. वारा एवढा, की झाडाने वाढावे कसे! वर्षातील दोनशेहून अधिक दिवस पाऊस असतो. एकाच दुपारी ऊन, धुके, पाऊस आणि पुन्हा ऊन असा क्रम आम्ही अनुभवला. कड्याच्या काठापासून चार हात मागे राहावे, हा तेथील पहिला नियम. कारण वाऱ्याचा झोत केव्हा दिशा बदलेल याचा भरवसा नसतो.

या बेटांवरील पायवाटा पर्यटकांसाठी आखलेल्या नाहीत. मोटाररस्ते आणि बोगदे होण्यापूर्वी एका गावाहून दुसऱ्या गावी जाण्याच्या त्या वाटा होत्या. चर्चला जाणारे, दुकानाला जाणारे, सुईणीला बोलावणारे, प्रेत वाहून नेणारे, सर्वांचा मार्ग हाच. वाटेवर ठरावीक अंतरावर दगडांच्या लगोऱ्या रचलेल्या असतात. एका लगोरीपाशी उभे राहिले की पुढची दिसावी, अशी त्यांची योजना. धुके उतरले की याच लगोऱ्या वाटसरूचा जीव राखतात. म्हणून त्यांतला दगड काढू नये, आणि हौसेने नवी लगोरीही रचू नये, अशी विनंती प्रवाशांना केली जाते. नवी लगोरी पुढच्या माणसाला भलत्याच दिशेला नेऊ शकते.

आमची सर्वांत स्मरणीय वाट वागर बेटावरील गासादालुर गावाची. डझन-दीड डझन माणसांचे हे गाव. गावाच्या पायथ्याशी धबधबा थेट समुद्रात कोसळतो, त्याची छायाचित्रे पुष्कळांनी पाहिली असतील. या शतकाच्या पहिल्या दशकात डोंगरातून बोगदा काढला गेला. तोपर्यंत शेजारच्या बोऊर गावाहून येथे पायी यायचे तर चारशे मीटरहून उंच डोंगर ओलांडावा लागे. पोस्टमन आठवड्यातून तीनदा टपालाची पिशवी घेऊन हा चढ चढत असे. वाटेत एक मोठा सपाट दगड आहे. गासादालुरला 1873 पर्यंत स्वतःची दफनभूमी नव्हती. गावात मृत्यू झाला की शवपेटी खांद्यावर घेऊन याच वाटेने बोऊरला न्यावी लागे, आणि पेटी खाली ठेवून विसावा घेता येईल अशी जागा म्हणजे तो दगड. आम्हीही तेथे थांबलो. खाली समुद्र, समोर सुळके, आणि वाऱ्याखेरीज दुसरा आवाज नाही. पत्नीने तेथे बसून नवकार मंत्राचे स्मरण केले. अनोळखी माणसांच्या मृत्यूपुढे याहून वेगळे काय करावे, ते सुचले नाही.

जून महिन्यात जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचा विणीचा काळ असतो. झाडेच नसल्याने अंडी गवतात किंवा उघड्या दगडांत. पायवाट सोडून चार पावले बाजूला गेले तरी पक्षी डोक्यावर घिरट्या घालून ओरडू लागतात. कुररी तर चोचीने टोचायलाही येते. पुढची जमीन पाहून, जीव वाचवून पाऊल टाकावे, असे ईर्यासमितीचे वर्णन आपण प्रवचनांत अनेकदा ऐकतो. शहरातील फरशीवर चालताना त्याचा अर्थ पुस्तकीच राहतो. येथे मात्र प्रत्येक पाऊल खाली पाहून टाकावे लागले, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याची सवयच जडली. जयणा म्हणजे काय, हे माझ्या पायांना त्या गवताने शिकवले.

आमचा मुक्काम एका मेंढपाळ-शेतकऱ्याच्या घरी होता. छपरावर गवत वाढलेले. त्याखाली भूर्जाच्या सालीचा थर, म्हणजे पाणी आत येत नाही. यजमान साठीच्या पुढचे, मितभाषी. मी आयुष्यभर बँकेत काम केले हे कळल्यावर ते खुलले आणि आपल्या जमिनीचा हिशेब सांगू लागले. तो हिशेब ऐकून मी थक्क झालो.

फॅरोमध्ये जमीन 'मार्क' या परिमाणात मोजतात. एका मार्काचे सोळा 'गिल्लिन' आणि एका गिल्लिनचे वीस 'स्किन'. सोळा म्हटल्यावर मला आपला रुपया आठवला, सोळा आण्यांचा! मार्क हे लांबी-रुंदीचे माप नव्हे. जमीन किती पोसू शकते, याचे ते माप. ज्याच्याकडे जेवढे मार्क, त्याला गावालगतच्या शेतात तेवढा वाटा आणि वरच्या सामाईक कुरणात तेवढ्या मेंढ्यांचा हक्क. प्रत्येक कुरणावर किती मेंढ्या चराव्यात, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहे. अनेक ठिकाणी कळपही सामाईक असतो आणि उत्पन्न मार्कांच्या प्रमाणात वाटले जाते. भागभांडवल आणि लाभांश यांचाच हा प्रकार. राजाच्या मालकीची जमीन कसणाऱ्या कुळाची जमीन थोरल्या मुलाकडे अखंड जाई; खासगी जमिनीचे मात्र वारसांत तुकडे होत गेले. आपल्या एकत्र कुटुंबांतील वाटण्यांचे प्रश्न ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या दोन्ही पद्धतींचे गुणदोष सांगायला नकोत.

या व्यवस्थेमागे जुना कायदा आहे. 1298 साली नॉर्वेचे ड्यूक होकोन यांनी या बेटांसाठी एक आज्ञापत्र काढले. ते 'मेंढीपत्र' म्हणून ओळखले जाते. दुसऱ्याच्या कुरणात मेंढ्या सोडल्या तर काय, कुत्र्याने मेंढी मारली तर भरपाई कोणी द्यायची, असे त्यातले विषय. सातशे वर्षांपूर्वी या लोकांना एक गोष्ट कळली होती : बेट वाढत नाही. एकाने दहा मेंढ्या अधिक सोडल्या तर गवत संपते, माती उघडी पडते आणि वारा ती समुद्रात नेऊन टाकतो. म्हणून संख्येला बांध घातला.

बँकेत 'लिमिट' हा आमचा रोजचा शब्द होता. परंतु ती मर्यादा धनको ऋणकोवर घालतो. परिग्रहपरिमाण व्रतातील मर्यादा माणूस स्वतःवर घालतो; धन, धान्य, क्षेत्र, वास्तू यांचे प्रमाण आपणच ठरवायचे आणि त्यापुढे जायचे नाही. फॅरोच्या लोकांनी ही मर्यादा धर्मबुद्धीने घातलेली नाही, गरजेपोटी घातली. तरीही 'आपल्याला किती पुरे' या प्रश्नाचे उत्तर आकड्यात देणारा समाज मी प्रथमच पाहिला. आपल्यापैकी किती जणांनी आपल्या परिग्रहाचा आकडा कागदावर लिहिला आहे?

आता आहाराविषयी, कारण वाचक भगिनींना तीच चिंता प्रथम वाटेल. बेटांवर परंपरेने पिकते ते बटाटा, सलगम आणि रूबार्ब. पहिली दोन्ही कंदमुळे, म्हणजे आपल्याला वर्ज्य. रूबार्ब ही मात्र जमिनीवर वाढणारी, आंबट देठांची भाजी. तिचा मुरांबा यजमानीणबाईंनी आवर्जून दिला. मूग, तांदूळ, खाखरे आणि मेतकूट आम्ही बरोबर नेले होते. टोर्शाव्हन या राजधानीच्या गावी दुकानांत मसूर, कडधान्ये, फळे मिळतात. सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नियम तर जूनमध्ये अगदी सोपा : सूर्य रात्री अकरानंतर मावळतो! डिसेंबरमध्ये मात्र दिवस जेमतेम पाच तासांचा. तेथे बारा महिने राहून हा नियम पाळणाऱ्याचे खरे सामर्थ्य हिवाळ्यात दिसेल.

दुकानांत हे सारे मिळते, याला व्यापाराचा एक मोठा इतिहास आहे, आणि तो आपल्या वाचकांनी जाणून घ्यावा असा आहे. टोर्शाव्हनच्या बंदरात टिंगानेस नावाची खडकाळ जिव्हा समुद्रात शिरलेली आहे. तेथील लाल रंगाच्या जुन्या लाकडी इमारतींत आज सरकारी कार्यालये आहेत. एके काळी तेथे राजाच्या व्यापारी मक्तेदारीची गोदामे होती. 1709 पासून हा व्यापार थेट डॅनिश राजाच्या हाती होता. लोकरीचे विणलेले पायमोजे द्यायचे आणि धान्य, लाकूड घ्यायचे. दोन्हींचे भाव सरकार ठरवणार. 1830 च्या दशकात दुसरीकडे शाखा निघेपर्यंत सर्व बेटांना मिळून हे एकच दुकान. आम्ही ज्या वाटांनी मौजेने चाललो, त्यांवरून त्या काळी लोक मोज्यांच्या थैल्या पाठीवर घेऊन येत आणि धान्य घेऊन परतत.

या मक्तेदारीविरुद्ध उभा राहिला तो नोल्सॉय बेटावरचा एक खलाशी, नोल्सॉयार पॉल. जन्म 1766. फुटलेल्या जहाजाचे लाकूड वापरून त्याने 1804 मध्ये सोबत्यांसह स्वतःचे जहाज बांधले. देवीची लस त्याने बेटांवर टोचली. 1807 मध्ये मुक्त व्यापाराची मागणी घेऊन तो कोपनहेगनला गेला. शिकारी पक्ष्यांपासून लहान पक्ष्यांना सावध करणाऱ्या एका पक्ष्याचे रूपक घेऊन त्याने अधिकाऱ्यांवर पोवाड्यासारखे दीर्घ काव्य रचले. तो पक्षी आज देशाचा राष्ट्रीय पक्षी आहे. युद्धकाळात धान्य तुटले तेव्हा लंडनहून धान्य आणताना 1808-09 च्या हिवाळ्यात त्याचे जहाज समुद्रात नाहीसे झाले. मक्तेदारी संपली ती 1 जानेवारी 1856 रोजी. भुकेल्यांसाठी धान्य आणताना प्राण वेचणारा व्यापारी ज्या देशाचा राष्ट्रपुरुष आहे, त्या देशाविषयी व्यापारी समाजाला आपुलकी वाटायला हरकत नसावी.

यानंतरचा विषय कठीण आहे. परंतु तो टाळून फॅरोविषयी लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. या बेटांच्या निर्यातीचा नऊ-दशांशाहून अधिक भाग मासळीचा आहे. शरद ऋतूत मेंढ्या कापल्या जातात. मिठागरे नाहीत, जळाऊ लाकूड नाही. म्हणून फटी ठेवून बांधलेल्या झोपड्यांत मांस वाऱ्यावर वाळवतात. गावातून चालताना तो वास येतो. त्याहून दारुण म्हणजे समुद्रातील मोठ्या जलचरांची हत्या. पायलट व्हेल जातीचे कळप होड्यांनी किनाऱ्याकडे हाकून आणतात आणि मारतात. त्याच्या नोंदी 1584 पासूनच्या आहेत. मांस विकत नाहीत, गावकऱ्यांत वाटतात. आणि त्या वाट्याचे मापही 'स्किन' हेच. सप्टेंबर 2021 मध्ये एका दिवसात 1,428 डॉल्फिन मारले गेले, तेव्हा जगभर आणि बेटांवरही संताप झाला. पुढच्या वर्षी सरकारने डॉल्फिनसाठी पाचशेची मर्यादा घातली.

काल्सॉय बेटावर मिक्लादालुर गावाच्या किनाऱ्यावर एका स्त्रीचा धातूचा पुतळा आहे. त्यामागची लोककथा यजमानांनीच सांगितली. सीलचे कातडे उतरवून स्त्रीरूपात आलेल्या एका मादीचे कातडे गावातील तरुणाने लपवले आणि तिच्याशी संसार थाटला. कातडे सापडताच ती समुद्रात परतली. पुढे गावकरी सीलच्या शिकारीला निघाले, त्याच्या आदल्या रात्री तिने स्वप्नात येऊन पतीला विनवले की माझ्या सागरातील जोडीदाराला आणि दोन पिल्लांना मारू नकोस. त्याने ऐकले नाही. मग तिने शाप दिला : या गावचे पुरुष समुद्रात बुडतील, कड्यांवरून पडतील, आणि मेलेल्यांनी हातात हात धरले तर साऱ्या बेटाला वेढा पडेल, एवढे झाल्यावरच हे थांबेल.

कथा सांगून झाल्यावर मी विचारले, "ही कथा तुम्ही मुलांना सांगता, आणि शिकारही करता. हे कसे?" ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आमच्या आजोबांना बटाटा आणि मांस यांखेरीज काय होते? तुमचे धान्य तुमच्याच गावात पिकते का?"

प्रश्न योग्य होता. आपला शाकाहार सुपीक भूमीने आणि धान्याच्या व्यापाराने सोपा केलेला आहे. त्यात आपल्या पुरुषार्थाचा वाटा आपण समजतो त्याहून कमी असावा. त्या खडकावर, त्या काळी जन्मलेल्या माणसाला दोष देण्याचा अधिकार मला नाही. मी तसे सांगितले. परंतु पुढे हेही म्हटले, "आज तुमच्या दुकानात मी मसूर विकत घेतली. आजोबांची निरुपायाची गोष्ट होती. तुमच्यापुढे निवड आहे." ते हसले आणि म्हणाले, "माझी नातही हेच म्हणते." 2008 मध्ये बेटांवरच्याच आरोग्य अधिकाऱ्यांनी पाऱ्याच्या विषारी अंशामुळे या जलचराचे मांस खाऊ नये असा सल्ला दिला होता, हे त्यांनीच मला सांगितले. त्यांचे मत बदलले असे मी म्हणणार नाही. निरोपाच्या दिवशी मात्र त्यांनी आमच्यासाठी रूबार्बची बरणी बांधून ठेवली होती.

निरुपाय संपल्यावरही चालू राहते ती सवय. हे वाक्य मी त्यांच्याविषयी मनात म्हटले आणि लगेच ते आपल्याकडे वळले. आपल्या शास्त्रांनी पंधरा कर्मादाने सांगितली, म्हणजे श्रावकाने टाळावयाचे हिंसाबहुल व्यवसाय. त्यांत केशवाणिज्य आहे, विषवाणिज्य आहे, वनकर्म आहे. आज आपल्या पेढ्या, कारखाने, शेअर-गुंतवणुकी यांतील किती रक्कम अशा उद्योगांत आहे, हे कोणत्या घरात तपासले जाते? ताटात काय आहे ते आपण बारकाईने पाहतो. ताळेबंदात काय आहे तेही तेवढ्याच बारकाईने पाहता येईल. तेथे तर निरुपाय असे काहीच नाही. पर्युषणात प्रत्येक कुटुंबाने एकदा आपल्या गुंतवणुकीची यादी या दृष्टीने वाचावी, अशी माझी सूचना आहे.

आणखी एक गोष्ट अनुकरणीय वाटली. पर्यटक वाढल्यावर ओल्या जमिनीवरच्या वाटा चिखलाने रुंदावू लागल्या. वागर बेटावरील तळ्याकाठच्या प्रसिद्ध वाटेवर जमीनमालकांनी शुल्क लावले. तळे कड्याच्या टोकावर असे आहे, की विशिष्ट कोनातून ते समुद्रावर शेकडो मीटर उंच तरंगते आहे असा भास होतो. प्रत्यक्षात उंची तीस-चाळीस मीटर. त्यापुढे जाऊन 2019 च्या एप्रिलमध्ये बेटांनी एका शनिवार-रविवारसाठी काही स्थळे पर्यटकांना बंद केली आणि जगभरातून शंभर स्वयंसेवक बोलावले. त्यांनी वाटा दुरुस्त केल्या, पायऱ्या बसवल्या, लगोऱ्या सावरल्या. हा उपक्रम पुढेही चालू राहिला.

सम्मेद शिखरजीला पर्यटनस्थळ होऊ देऊ नये म्हणून आपला समाज रस्त्यावर उतरला आणि जानेवारी 2023 मध्ये केंद्र सरकारने तेथील पर्यटनविषयक हालचालींना स्थगिती दिली. ते योग्यच झाले. परंतु डोंगरावर चढणारे आपण स्वतः मागे काय टाकून येतो, याची जबाबदारी सरकारची नाही. देणगी देण्यात आपला समाज कधीच मागे नसतो. मांगीतुंगी, कुंथलगिरी, गजपंथा यांपैकी आपल्याला जवळच्या क्षेत्री वर्षातून एक दिवस, यात्रेकरू म्हणून न जाता पायऱ्या झाडायला आणि वाट सावरायला कुटुंबासह जाता येईल. आमच्या घरी यंदा दिवाळीनंतरचा एक रविवार त्यासाठी ठरला आहे. मुलगा त्या सुमारास येणार आहे. त्याने दोन दणकट फावडी घेऊन ठेवायला सांगितली आहेत.